ख्रिस्तपुराणांतील देहधारण आणि ‘अवतार’ शब्द

फादर थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें त्यांत एक वाक्य हटकून आढळतें: स्टीफन्सनें ख्रिस्ताला अवताररूपानें मराठी वाचकांपुढें उभें केलें. हें स्तुतीदाखल लिहिलेलें असतें खरें. परंतु आमच्या मतें तें ग्रंथाच्या गाभ्यालाच बाधक आहे. जुन्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांनीं तरी तें तपासल्यावांचून पुढें चालवूं नये.

हा ग्रंथ राचोल येथें इ. स. १६१६ त रोमन लिपींत छापला गेला. पुढें १६४९ व १६५४ त पुन्हां निघाला. या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत उपलब्ध नाहीं. ग्रंथाच्या आरंभीं एक नवख्रिस्ती ब्राह्मण गुरूजवळ पुराण मागतो, कारण जुनीं पुराणें वाचण्याची त्याच्या लोकांना बंदी झालेली आहे. म्हणजे श्रोत्यांच्या कानीं राम-कृष्णांच्या कथा आधींच होत्या, आणि धोका होता तो तेथेंच.

गीतेच्या चौथ्या अध्यायांतील अवतार युगायुगांत होणारा आहे, आणि वैष्णव आचार्य त्याचा देह अप्राकृत मानतात. ख्रिस्ती सिद्धांत याहून निराळा. ख्रिस्ताचें शरीर केवळ भासमान होतें असें म्हणणारे आरंभींच्या शतकांतच निपजले, व त्यांना पाखंडी ठरविण्यांत आलें. इ. स. ४५१ च्या काल्सेदोन परिषदेनें ठरविलें कीं, एकाच व्यक्तींत पूर्ण देव व पूर्ण मनुष्य अशीं दोन स्वरूपें आहेत; तीं मिसळत नाहींत आणि विलगही होत नाहींत. भूक, थकवा व मृत्यु हीं त्यांत खरींच असलीं पाहिजेत. जें शरीर घेतलेंच नाहीं त्याचा उद्धार कसा व्हावा, असा हा युक्तिवाद. महानुभाव परंपरेशीं ताडून पाहिल्यास भेद अधिक उघड होतो. चांगदेव राउळांनीं हरिपाळदेवाच्या मृत देहांत प्रवेश केला व तेच चक्रधर, अशी तेथील श्रद्धा आहे. ख्रिस्ती मतांत आधींच असलेल्या देहांत प्रवेश नाहीं. मरियेच्या गर्भांत देह घडतो, आणि घडतांक्षणींच तो त्याचा स्वतःचा असतो. नाताळ या आपल्या शब्दाचें मूळ पोर्तुगीज ‘जन्म’ या अर्थाच्या शब्दांत आहे, हेंही येथें ध्यानांत घ्यावें.

आतां ग्रंथाची रचना पाहा. एकंदर सुमारें अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणाचे छत्तीस अवस्वर सृष्ट्युत्पत्ति, पतन व भविष्यवाद्यांची वाट पाहणें यांतच खर्चीं पडतात. ख्रिस्तचरित्र दुसऱ्या पुराणांत, एकोणसाठ अवस्वरांत येतें. इतकी प्रतीक्षा पुनःपुन्हां होणाऱ्या घटनेची कोणी करीत नाहीं. पोर्तुगीज शीर्षकांतही ‘आपला तारक येशू ख्रिस्त याच्या जगांत येण्याविषयीं’ एवढेंच म्हटलें आहे. ओवी, पुराण, अवस्वर हीं वस्त्रें स्टीफन्सनें आपल्याकडून घेतलीं. आंतील कथा मात्र एकदांच घडणारी आहे. काव्याची थोरवी आम्ही मानतों ती या ताणामुळेंच.

एक अडचण पाठाची आहे. सालदान्यांनीं १९०७ त मंगळूर येथें रोमन लिपींतील पाठ प्रसिद्ध केला, आणि बंडेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ति त्याच परंपरेंतली. लंडन येथील मार्स्डेन संग्रहांतील देवनागरी पोथींत मात्र पोर्तुगीज व लॅटिन संज्ञांच्या जागीं बहुधा संस्कृतोद्भव शब्द आहेत. जस्टिन अॅबट यांनीं हीच पोथी मूळच्या अधिक जवळची मानली; आम्हांला तो निर्णय घाईचा वाटतो. सुबोध शब्द हा मूळचाच असतो असें नाहीं. पुष्कळदां तो नकलकाराचा उपकार असतो! कोणत्याही पोथींत देहधारणाच्या प्रसंगीं ‘अवतार’ सांपडल्यास तेवढ्यावरून स्टीफन्सचें मत ठरवूं नये. त्या ओवीच्या मागच्या-पुढच्या ओव्यांत मरियेच्या गर्भाचें व बाळाच्या शरीराचें वर्णन कसें आहे, हें दोन्ही पाठ शेजारीं मांडून पाहावें. ज्यांच्यापाशीं एखादें सुटें पानही असेल, त्यांनीं त्यावरील पाठभेद टिपून मंडळाकडे पाठवावे.