यशोदेचा प्रश्न

जन्म एका घरी आणि पालकत्व दुसऱ्या घरी, हे कागलला नवे नाही. येथील यशवंतराव घाटगे १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. तेथे जन्मदाते कोण, हा प्रश्न नव्हता. ‘मला आई व्हायचंय!’ (२०११) या चित्रपटात मात्र तोच प्रश्न आहे. यशोदा अमेरिकन मेरीसाठी गर्भ वाढवते. मूल सदोष निघेल या भीतीने मेरी निघून जाते.

मूल गोरे का, हे वर्गात समजावण्यास चित्रपट उपयोगी आहे. वर्ण बीजांड व शुक्राणू यांतील जनुकांवरून ठरतो. गर्भाशय पोषण देते. आमची तक्रार वेगळी आहे. दिग्दर्शिका समृद्धी पोरे स्वतः वकील. तरी कथा दोन आयांच्या मायेतच गुंतते. खरी उणीव कायद्याची होती. तेव्हा २००५ ची मार्गदर्शक तत्त्वे होती, कायदा नव्हता. २०२१ च्या कायद्याने मोबदला घेऊन केलेली सरोगसी आणि व्यंगामुळे मूल टाकणे, या दोन्हींवर बंदी आणली. मूल मात्र जोडप्याचेच ठरवले. मग नऊ महिने पोसणारीचे नाते कोणते? यशोदेचा हा प्रश्न आम्हाला अजून अनुत्तरित वाटतो. शिक्षकांनी तो वर्गात जरूर मांडावा.