अवयववाचक शब्दांची साक्ष : निहालीच्या निमित्ताने

भाषेचे कुळ ठरविताना अवयववाचक शब्दांची साक्ष प्रथम काढण्याचा प्रघात आहे. अरामीतील ‘ऐना’ (डोळा) व ‘ईदा’ (हात) यांच्याशेजारी हिब्रूतील ‘आयिन’ व ‘याद’ ठेवले की सेमिटिक नाते सहज उमगते. वऱ्हाडीतला ‘डोया’ म्हणजे ‘डोळा’च, हे सांगावयास तर व्याकरणकाराचीही गरज नाही. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी हीच कसोटी अडखळते.

मेळघाटातील कोरकू मुंडा कुळातील. तिचे ‘मेद’ (डोळा) व ‘ती’ (हात) संताळीतील ‘मेत्’ व ‘ती’ यांच्याशी जुळतात. अकोल्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव-जामोद परिसरात बोलली जाणारी निहाली मात्र डोळ्यास ‘जिकी’, हातास ‘बक्को’, केसांस ‘कुगुसो’ म्हणते. कोरकूतून या भाषेने उदंड शब्द घेतले. दोन व चार यांसाठीचे ‘इरार’ व ‘नालो’ हे शब्द द्राविडी वळणाचे आहेत. अवयवांची ही नावे मात्र दोहोंहून निराळी.

ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या 1906 च्या खंडात कोनो यांनी निहालीस मुंडा भाषांत बसविले. कॉयपर यांनी 1962 साली तिचा सुमारे चतुर्थांश शब्दसंग्रह कोणत्याच ज्ञात कुळात बसत नाही असे दाखविले. तरीही ती चोरांची सांकेतिक बोली असण्याची शक्यता त्यांनी मोकळी ठेवली. येथे आमचा मतभेद आहे.

शंका निराधार नव्हे. बोलभाषा अवयवांची नावे हौसेने बदलते. लॅटिनमधील ‘तेस्ता’ म्हणजे मातीचे भांडे, त्याचेच फ्रेंचमध्ये डोके झाले. तेव्हा ‘जिकी’चे वेगळेपण हा प्राचीनत्वाचा पुरावा नव्हे. पण सांकेतिक शब्द बहुधा ओळखीच्या शब्दाला पिळूनच घडतो. ‘बक्को’ कोणत्या शब्दाला पिळून झाला, हे दाखविल्यावाचून आक्षेप उभा राहत नाही. इंग्रजी अमदानीतील लेखनाने नाहलांस लुटारू म्हटले. त्या शिक्क्याची सावली भाषेच्या वर्णनावर पडू देणे शास्त्रास शोभत नाही.

नागराज यांचे निहालीवरील पुस्तक 2014 साली आले. यापुढील काम शब्दयाद्यांच्या पलीकडचे आहे. हाताकडे बोट दाखवून मिळालेला शब्द पंजाचा, मनगटाचा की खांद्यापासून बोटांपर्यंतच्या हाताचा, हे यादी सांगत नाही. आई मुलाचे तोंड धुताना, केस विंचरताना कोणते शब्द वापरते, ते प्रथम टिपले पाहिजेत. चोरांची बोली न्हाणीघरात शिकविली जात नाही.