अंधाराची भीती कोणाला?

१९९७ साली जपानमध्ये सेगा सॅटर्न या यंत्रासाठी ‘रिअल साउंड : काझे नो रिग्रेट’ नावाचा एक व्हिडिओ गेम आला. त्यात व्हिडिओ नव्हताच. टीव्हीचा पडदा काळा राहायचा, नभोनाट्यासारखी कथा कानावर पडायची आणि कथेला फाटा फुटण्याची वेळ आली की घंटानाद व्हायचा. मग पुढे कोणत्या वाटेने जायचे ते खेळणाऱ्याने ठरवायचे. निर्माता होता केन्जी एनो. त्याच्या चाहत्यांत काही अंध होते आणि ते खेळतात तरी कसे, हे त्याने त्यांना भेटून पाहिले होते. हा खेळ फक्त आपल्याच यंत्रावर असावा असा सेगाचा आग्रह होता. त्यावर एनोने अट घातली : तुम्ही हजार यंत्रे अंध व्यक्तींना द्या, खेळाच्या हजार प्रती मी देतो. कथा लिहिली होती युजी साकामोतो यांनी. २०२३ मध्ये ‘मॉन्स्टर’च्या पटकथेसाठी कान महोत्सवात ज्यांचा गौरव झाला, तेच हे साकामोतो. आणि ती चक्क प्रेमकथा होती.

एनोने प्रेमकथा निवडली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण त्याच्यानंतर ज्या ऑडिओ गेमचा गाजावाजा झाला, ते बहुतेक भीतीच्या वाटेने गेले.

२०१० साली लंडनच्या ‘समथिन एल्स’ या कंपनीने आयफोनसाठी ‘पापा सांग्रे’ काढला. मेलेल्यांच्या राज्यात तुम्ही अडकलेले असता आणि डोळ्यांपुढे मिट्ट काळोख असतो. फोनच्या पडद्यावर खाली डावे-उजवे पाऊल. त्यावर आळीपाळीने बोट टेकवायचे की तुम्ही चालू लागता. घाई केली तर अडखळून पडता. जवळपास कुठेतरी एक प्राणी घोरतोय आणि पायाखाली हाडे कुरकुरली तर तो जागा होणार. चालण्याची लय हीच खेळाची लय झाली होती, हे या कलाकृतीचे मोठेपण. वर्षभराने त्याच मंडळींचा ‘द नाइटजार’ आला, त्यात बेनेडिक्ट कंबरबॅचचा आवाज. इथे दिवे गेलेले अंतराळयान. २०१२च्या ‘ब्लाइंडसाइड’मध्ये एक प्राध्यापक सकाळी उठतो तो आंधळा होऊनच, आणि शहरभर राक्षस मोकाट. फ्रान्समधल्या लिओंच्या ‘डोविनो’ने २०१५ मध्ये ‘अ ब्लाइंड लेजंड’ केला. त्यातला सरदार अंध आहे आणि त्याची लेक लुईझ त्याला वाट सांगते. कॅनडातून २०२१ मध्ये आलेल्या ‘द व्हेल : शॅडो ऑफ द क्राउन’ची नायिका अंध राजकन्या आहे. या माळेत ‘द व्हेल’ मला सर्वांत सरस वाटतो. तलवारीचा वार डावीकडून, उजवीकडून की समोरून येतोय ते ऐकून ढाल फिरवायची, एवढ्या साध्या नियमावर त्याने खरी झुंज उभी केली आहे.

तरीही या माळेतला प्रत्येक मणी तपासला तर एक गोष्ट खटकते. नायक एक तर अंध असतो, नाही तर अंधारात सापडलेला असतो. डोळस माणसाने डोळे मिटले की त्याला पहिल्यांदा भीतीच वाटते आणि त्याने त्या भीतीचाच खेळ केला. जन्मांध मुलीला अंधार म्हणजे काही घटना नव्हे. तिला कदाचित गाडी भरधाव पळवायची असेल, पत्ते पिसायचे असतील किंवा दुकान थाटून नफा कमवायचा असेल.

असे खेळ आहेत. ते घरगुती निर्मात्यांच्या दुसऱ्या वर्तुळात तयार होतात आणि त्यांची परीक्षणे वर्तमानपत्रांत येत नाहीत. ‘टॉप स्पीड’मध्ये शेजारी बसलेला सहचालक वळणे ओरडून सांगतो. इंजिनाचा सूर आणि रस्त्याचा पोत ऐकत तुम्ही गाडी हाकता. ‘मॅनामॉन’ हा पोकेमॉनच्या धर्तीवरचा, जीव पकडून त्यांना लढवण्याचा लांबलचक खेळ. ‘क्रेझी पार्टी’त निव्वळ मौजेचे छोटे छोटे खेळ. ‘स्वॉम्प’मध्ये अनेक जण मिळून झोंबींशी लढतात. म्हणजे इथेही मढी उठतातच, पण खेळणारे येतात ते मित्रांच्या टोळीसाठी. यातल्या कोणत्याच खेळाला खेळणारा अंध आहे हे कथेत समजावून सांगावे लागत नाही.

कारागिरी पाहिली तर हे दुसरे वर्तुळ ओबडधोबड आहे. आवाज नेमका कुठून येतो हे आपला मेंदू दोन कानांवर तो पोहोचण्यातल्या फरकावरून ओळखतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. डावे-उजवे त्यामुळे सहज कळते, पण हेडफोनमध्ये पुढचे आणि मागचे यांत गल्लत होते. पैसेवाले निर्माते डोक्याच्या आणि कानाच्या आकाराचा हिशेब करून ध्वनी घडवतात. घरगुती निर्माते सरळ मागच्या आवाजाची पट्टी उतरवतात. ऐकायला ते कृत्रिम वाटते, पण पाच मिनिटांत सवय होते आणि मग चूक होत नाही. माझे मत या दुसऱ्या युक्तीच्या बाजूने आहे. खेळात आवाज खरा वाटण्यापेक्षा तो वेळेवर आणि निःसंदिग्ध मिळणे जास्त गरजेचे असते. अंधांच्या क्रिकेटमध्ये हे केव्हाच ठरून गेले आहे. प्लास्टिकच्या चेंडूत छर्रे असतात, गोलंदाज ‘रेडी?’ विचारतो, फलंदाजाने ‘येस’ म्हटल्यावर ‘प्ले’ म्हणून चेंडू खालून टाकतो. आधी कानाला खबर, मग कृती. ज्या ऑडिओ गेममध्ये हा क्रम चुकतो, त्यात खेळाडू हरत नाही, फसवला जातो. (म्हणूनच ब्लूटूथ हेडफोनवर असे खेळ खेळू नयेत, आवाज पोहोचेपर्यंत वार झालेला असतो.)

हे खेळ बनवणार कशाने, हा प्रश्न बरीच वर्षे अडून होता. गेम बनवण्याची बहुतेक साधने माऊसने चित्रे ओढण्यासाठी केलेली असतात; ती स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीला, वाचता येत नाहीत. २०१०च्या सुमारास स्वीडनच्या फिलिप बेनेफॉल या अंध प्रोग्रामरने ‘बीजीटी’ हे साधन दिले. त्यात सगळे काम साध्या मजकुरात लिहायचे, चित्राचा संबंधच नाही. पुढच्या दहा वर्षांतले कितीतरी ऑडिओ गेम त्यातून निघाले. मग ते साधन जुने झाले, त्यात बनवलेल्या खेळांना अँटिव्हायरस विषाणू समजून अडवू लागले. नवा खेळ मित्राला पाठवावा तर त्याच्या संगणकाने तो उतरवताच पुसून टाकलेला! २०२४ मध्ये सॅम टुपी या तरुणाने ‘एनव्हीजीटी’ हे नवे मुक्त साधन खुले केले, तेव्हा हा वारसा पुढे सरकला.

वाटपाची कहाणी याहून वाईट आहे. खेळ झिप फाइलमधून हातोहात जातो. निर्मात्याने परवान्यासाठी स्वतःचा सर्व्हर ठेवलेला असेल तर त्याचा उत्साह संपला की विकत घेतलेला खेळही बंद पडतो. कुणाचा सोर्स कोड फुटला की त्याच खेळाच्या नाव बदललेल्या नकला निघतात. तोच बंदुकीचा बार, तेच दार पाच खेळांत ऐकू येते, कारण ध्वनी विकत घेण्याची ऐपत नसते आणि परवानगी मागण्याची सवय नसते. नावाजलेल्यांचेही नशीब फार वेगळे नाही. ‘पापा सांग्रे’चे दोन्ही भाग आज अ‍ॅप स्टोअरवर मिळत नाहीत. त्याच्याविषयी वाचता येते, तो खेळता येत नाही. या कलेचा अभिजात ग्रंथ म्हणावा असा खेळ दहा-पंधरा वर्षांत नाहीसा होतो आणि कोणतेही ग्रंथालय त्याची नोंद घेत नाही, ही आजच्या स्थितीतली सर्वांत गंभीर गोष्ट आहे.

मोठ्या कंपन्यांनी अलीकडे दार किलकिले केले आहे. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस : पार्ट टू’मध्ये साठाहून अधिक सुलभता-सोयी होत्या आणि तो संपूर्ण खेळ न पाहता पार करता येतो. २०२३ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये अंध चालकांसाठी ध्वनिसंकेत आले, त्यामागे ब्रँडन कोल या अंध सल्लागाराचे काम होते. याचे स्वागतच आहे. पण डोळ्यांसाठी रचलेल्या जगात कानाला वाट काढून देणे आणि कानासाठीच जग रचणे या दोन निराळ्या कला आहेत. पहिलीला पुरस्कार मिळाले म्हणून दुसरीची उपासमार थांबत नाही.

आता मराठीकडे. बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभू यांच्या आवाजातले पंत आणि मीनावहिनी ही पात्रे आकाशवाणीवरून घराघरात पोहोचली. निव्वळ आवाजावर घर उभे करण्याची ही विद्या आपल्याकडे मुरलेली आहे आणि ऑडिओ गेमला नेमकी तीच लागते. तांत्रिक अडचण वाटते तितकी मोठी नाही. खेळातला मजकूर मराठीत लिहिला की ‘एनव्हीडीए’सारखा मोफत स्क्रीन रीडर ‘ईस्पीक’च्या मराठी आवाजात तो वाचू शकतो, आणि महत्त्वाच्या पात्रांपुरते माणसाचे आवाज ध्वनिमुद्रित करता येतात. नभोनाट्ये लिहिणाऱ्यांनी आणि आवाजाचे काम करणाऱ्यांनी अंध प्रोग्रामरांना शोधून त्यांच्यासोबत बसावे. खेळ कशाचा करायचा, ते मात्र या प्रोग्रामरांना ठरवू द्यावे. एसटीची सीट पकडण्याचा असो, बाजारात घासाघीस करण्याचा असो की गल्लीतल्या क्रिकेटचा. आणि कृपा करून, पहिलाच मराठी ऑडिओ गेम भुताच्या वाड्यात घडवू नका.