शर्यतीत धावणाऱ्याचा घाम मोजला, बेघराचं छप्पर कोण मोजणार?

बेघरांसाठी पैसे उभे करायचे तर सरळ मागावेत, त्यासाठी भल्या पहाटे उठून दहा किलोमीटर धावायची काय गरज? या प्रश्नावर एक गाजलेला शोधनिबंध आहे. आज तोच तपासू.

२००४ पासून होणारी मुंबई मॅरेथॉन तुम्हाला माहीत असेल. तिथे अनेक धावपटू आपल्या आवडीच्या संस्थेसाठी ओळखीच्यांकडून देणग्या गोळा करतात. लोक अशा वेळी हात सैल का सोडतात? ओलिव्होला आणि शफीर यांनी २०१३ मध्ये याचं उत्तर दिलं. दान देताना कष्ट किंवा वेदना सोसाव्या लागणार असतील, तर माणूस जास्त द्यायला तयार होतो, कारण कष्टामुळे ते दान त्याला अधिक अर्थपूर्ण वाटतं. याला त्यांनी ‘हौतात्म्य परिणाम’ म्हटलं. कारण जर मानवी दुःखाशी जोडलेलं असेल, तर हा परिणाम जास्त दिसतो. पंढरीची वारी बघत वाढलेल्या आपल्या सोलापूरकरांना यात नवल वाटणार नाही.

निबंध चांगलाच आहे. सहलीची शर्यतीशी तुलना केली, त्यामुळे कष्टाचा परिणाम वेगळा काढता आला. पण आता त्यात मोजलंय काय ते बघा. मोजलंय दात्याचं दान. बेघर माणूस त्या आकडेवारीत कुठेच नाही. म्हणून ‘शर्यतीमुळे देणगी वाढू शकते’ एवढंच यातून म्हणता येतं, ‘शर्यतीमुळे बेघरांचं भलं होतं’ असं नाही. शिवाय तो पैसा नव्याने आला, की दात्याने दुसऱ्या संस्थेचा हात आखडून इकडे दिला, हेही तपासायला हवं.

मग सोलापुरात मोजायचं काय? आधी व्याख्या ठरवा. जनगणनेत बेघर म्हणजे उघड्यावर, फूटपाथवर, पुलाखाली, मोठ्या पाइपांत, रेल्वे फलाटावर, देवळाच्या आवारात राहणारे. २०११ ला त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. देशभरात साधारण १७.७ लाख लोक मोजले गेले. एका रात्रीत कोण निसटलं असेल, याचा विचार करा. दुसरं मोजमाप निवाऱ्याचं. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी कायमचा निवारा हवा, माणशी ५० चौरस फूट. २०११ ची सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख धरली, तर साडेनऊशे जणांची सोय. शर्यतीच्या निधीचा हिशोब या आकड्यापुढे मांडला, तरच तो बोलतो.

अमेरिकेत २००७ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेली ‘बॅक ऑन माय फीट’ ही संस्था उलटं करते. ती बेघरांनाच पहाटे सोबत धावायला घेते, नियमित येणाऱ्यांना पुढे नोकरी आणि घरासाठी मदत करते. इथे मोजमाप योग्य माणसाचं आहे. पण नियमित पहाटे येऊ शकणारा आधीच थोडा सावरलेला असेल, तर? यश धावण्याचं की निवडीचं, हे तुलना-गटाशिवाय कळणार नाही.

पुढचा निबंध वाचाल तेव्हा समासात दोन ओळी लिहा: मोजलंय कोणाला? आणि निष्कर्ष कोणाबद्दल काढलाय? दोन नावं वेगळी निघाली, तर तुमचा संशोधन-प्रश्न कदाचित तिथेच सापडेल.