सप्रे यांची टोपलीभर माती

रायपुरातील मराठी बैठकीत माधवराव सप्रे यांचे नाव निघाले, की दोन सूर हटकून उमटतात. एक अभिमानाचा: हिंदी गद्याला वळण लावणारा हा पुरुष आपला होता. दुसरा हळहळीचा: एवढे सामर्थ्य मराठीच्या पदरी पडले नाही. हे दोन्ही सूर आम्हांला अपुरे वाटतात. सप्रे यांच्याकडे केवळ 'आपला माणूस' म्हणून न पाहता लेखक म्हणून पाहिले, तर त्यांचे उदाहरण उलट आपल्यालाच एक अडचणीचा प्रश्न विचारते.

सप्रे यांचा जन्म १८७१ सालचा, दमोह जिल्ह्यातील पथरियाचा. रायपुरात त्यांचे शिक्षण झाले आणि १९२६ साली येथेच त्यांनी देह ठेवला. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक निघाले, त्याचे प्रकाशक वामन बळीराम लाखे आणि सप्रे यांचे जोडीदार संपादक रामराव चिंचोळकर. तिघेही मराठी घरांतले. त्यांनी मासिक हिंदीत काढले यात मातृभाषेची उपेक्षा शोधणे व्यर्थ होय. ज्या समाजात ते राहिले, शिकले आणि राबले, त्याच्याशी बोलायचे तर त्याला कळणाऱ्या भाषेत बोलणे त्यांना प्राप्तच होते.

याच मासिकात १९०१ साली सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा आली. ती हिंदीतील पहिली कथा की नव्हे, हा वाद हिंदी पंडितांकडे सोपवू. जमीनदार एका विधवेची झोपडी बळकावतो. नातीसाठी चूल घालावी म्हणून ती तेथली टोपलीभर माती मागते, आणि ती टोपली त्याला उचलवत नाही. बोध उघडा आहे, जमीनदाराचा पश्चात्तापही फार झटपट आहे. कलादृष्ट्या हे दोषच. तथापि झोपडी, चूल, माती या साध्या वस्तूंतून लेखकाने अन्यायाला जे वजन दिले आहे, ते पायाखालच्या भूमीकडे डोळसपणे पाहिल्याखेरीज देता येत नाही.

पुढे सप्रे यांनी 'दासबोध', टिळकांचे 'गीतारहस्य' आणि चिंतामणराव वैद्यांचा महाभारतविषयक ग्रंथ हिंदीत नेला. मराठीचे ऋण त्यांनी असे फेडले. परंतु उलट दिशेने काय आले? छत्तीसगडाचे जीवन मराठीत कोणी आणले? रायपूरपासून जवळच, राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात, १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवीत होते. त्यांनी हिंदीत लिहिले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र नागपुरात मराठीत लिहीत होते. एकाच घरातील ही दोन दालने. पण थोरल्याच्या कवितेला जी हिंदी समीक्षा लाभली, तिच्या मानाने मराठी वाचकाने त्या दालनात डोकावले ते फारच थोडे.

आता आपल्या लेखनाकडे वळू. रायपूरच्या बाजारात छत्तीसगढी, हिंदी, सिंधी, उडिया, बंगाली एका श्वासात ऐकू येतात. तात्यापाऱ्यातल्या घरांत नागपुरी वळणाचे 'येऊन राहिलो' सहज कानी पडते. पण येथील मराठी मंडळींच्या ज्या कथा-कविता आमच्या वाचनात आल्या, त्यांतील पात्रे बहुधा सदाशिव पेठेची भाषा बोलतात आणि मुठेच्या काठी उसासे टाकतात. खारून नदी त्यांना दिसतच नाही. शेजारीण छत्तीसगढी बोलते, मुलगा शाळेत हिंदीत विचार करतो, सून दुसऱ्या प्रांतातली येते. एवढी नाट्यमय सामग्री घरात असता तिच्याकडे पाठ फिरवणे ही शुद्धतेची निष्ठा नव्हे. ते लेखकाचे भय आहे. भाषा टिकावी म्हणून आपण मंडळे काढतो, गणेशोत्सव करतो, ते योग्यच. पण ज्या भाषेत आजचे राहते घर उतरत नाही, ती उत्सवापुरतीच उरते.

सप्रे यांच्या कथेतील वृद्धेने ज्या भूमीवर आयुष्य काढले, तिचीच माती मागितली. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहूनही आपण ती टोपली मराठीत अजून भरलेली नाही. सप्रे यांच्याविषयी हळहळण्यापूर्वी या उणिवेचा विचार व्हावा, एवढेच आमचे म्हणणे.