आरोग्यसेवेतील समाजमाध्यमांचा वापर : आचारनियमांची एक चिकित्सा

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकांच्या वर्तनासंबंधीचे नवे विनियम अधिसूचित केले. या विनियमांना समाजमाध्यमांवरील वर्तनाविषयी एक स्वतंत्र मार्गदर्शिका जोडलेली होती. तत्पूर्वीचे, म्हणजे २००२ चे विनियम तयार झाले त्या वेळी फेसबुक, ट्विटर वा व्हॉट्सअ‍ॅप यांपैकी काहीच अस्तित्वात नव्हते. त्यामुळे त्यांत या विषयाचा निर्देश नसणे स्वाभाविक होते. नवे विनियम मात्र तीनच आठवडे टिकले. औषधे मूळ नावाने लिहून देण्याची सक्ती आणि औषधकंपन्यांच्या साहाय्याने होणाऱ्या परिषदांवरील निर्बंध यांना वैद्यकांच्या संघटनांनी तीव्र विरोध केला. परिणामी २३ ऑगस्ट २०२३ रोजी हे विनियम स्थगित झाले व २००२ चे विनियम पुन्हा लागू करण्यात आले. वाद औषधांचा होता. समाजमाध्यमांची मार्गदर्शिका त्या वादात फारशी चर्चा न होताच बाजूला पडली. अशी मार्गदर्शिका आज ना उद्या पुन्हा तयार करावी लागेल. म्हणून तिच्यामागील दृष्टीची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखाचे विवेचन महाराष्ट्रातील ग्रामीण सार्वजनिक आरोग्यसेवेपुरते मर्यादित ठेवले आहे.

प्रथम या मार्गदर्शिकेचे श्रेय तिला दिले पाहिजे. समाजमाध्यमावरील माहिती वस्तुनिष्ठ व पडताळता येण्याजोगी असावी, तिने रुग्णाच्या अज्ञानाचा वा असहायतेचा लाभ घेऊ नये, सार्वजनिक समाजमाध्यमावर रुग्णाच्या उपचाराची चर्चा करू नये, रुग्णांची छायाचित्रे वा तपासणीच्या प्रतिमा प्रसृत करू नयेत, पसंतीदर्शक खुणा आणि अनुयायी पैसे देऊन मिळवू नयेत, बऱ्या झालेल्या रुग्णांची प्रशस्तिपत्रे मागू नयेत, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप होते. यांतील एकही सूचना अनाठायी म्हणता येणार नाही. शस्त्रक्रियेपूर्वीचा चेहरा आणि शस्त्रक्रियेनंतरचा चेहरा शेजारी शेजारी मांडून गिऱ्हाईक मिळवण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या सूचनांची निकड पटवून देण्याचे कारण नाही.

तथापि या सूचना वाचताना डोळ्यांसमोर जो वैद्यक उभा राहतो, तो कोण आहे? तो शहरातील खासगी व्यावसायिक आहे. त्याचे स्वतःचे पान आहे, त्याला प्रसिद्धी हवी आहे, आणि त्याचा वाचक अनोळखी जनसमुदाय आहे. म्हणजे २००२ च्या विनियमांतील जाहिरातबंदीचेच कलम येथे नव्या काळाच्या भाषेत लिहिलेले आहे. समाजमाध्यम म्हणजे दुकानाची दर्शनी पाटी, अशी ही कल्पना आहे. महाराष्ट्रातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मात्र समाजमाध्यम हे पाटीचे काम करीत नाही. तेथे ते आवक-जावक नोंदवही, तार, हजेरीपट आणि साहेबांचा हुकूम या सर्वांचे काम एकाच वेळी करते. या वापराविषयी मार्गदर्शिका जवळजवळ मौन बाळगते.

बंद ग्रुपमधील कामकाज

येथे ‘ग्रुप’ हाच शब्द वापरणे इष्ट, कारण आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तोंडी दुसरा शब्द नाही. केंद्राचा ग्रुप, उपकेंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, लसीकरणाचा ग्रुप, गटप्रवर्तक आणि त्यांच्या आशा स्वयंसेविका यांचा ग्रुप, अशी ही उतरंड आहे. सकाळी लसीकरण सत्राचे स्थळ येथे कळते. दुपारी अतिजोखमीच्या मातांची यादी येथे मागवली जाते. सायंकाळी कामाची छायाचित्रे येथेच जमा होतात.

या व्यवस्थेचे लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पावसाळ्यात रस्ता बंद झालेल्या पाड्यावर एखाद्या गरोदर स्त्रीच्या पायांवर सूज आली, डोके दुखू लागले, तर आशा स्वयंसेविकेने पाठवलेला रक्तदाबाचा आकडा वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत काही क्षणांत पोहोचतो. हृदयविकाराच्या रुग्णाचा आलेख जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या तज्ज्ञाला दाखवता येतो. पूर्वी या गोष्टीला अर्धा दिवस लागत असे. अशा प्रसंगी गोपनीयतेचा प्रश्न काढून कोणी अडवणूक करू नये, हे प्रस्तुत लेखकासही मान्य आहे.

परंतु ग्रुपमधील बहुसंख्य मजकूर अशा प्रसंगांचा नसतो. तो अहवालाचा असतो. गरोदर मातेचे नाव, वय, पतीचे नाव, गाव, कितवे बाळंतपण, हिमोग्लोबिन किती. क्षयरुग्णाचे नाव व औषध सुरू झाल्याची तारीख. कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेस तयार असलेल्या स्त्रियांची यादी. ग्रुपमध्ये पन्नास-साठ सदस्य असतात, आणि त्यांतील एक-दोघांनाच त्या नावाची गरज असते. उरलेल्यांना ते नाव केवळ दिसते. या उरलेल्यांत त्याच गावच्या, त्याच भावकीतल्या स्त्रिया असू शकतात, ही बाब शहरात बसून नियम लिहिणाऱ्याच्या ध्यानात येणे कठीण आहे. शहरात अनोळखी माणसाला आपला आजार कळल्याने फारसे बिघडत नाही. गावात मात्र शेजारणीला कळल्याने मुलीचे ठरत आलेले लग्न मोडू शकते.

एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश पाठवणारा व स्वीकारणारा यांच्यावाचून इतरांस वाचता येत नाहीत, असे सांगून या आक्षेपाचे निराकरण केले जाते. हे उत्तर प्रश्नाला लागूच पडत नाही. ते संरक्षण वाटेतल्या त्रयस्थापासूनचे आहे. ग्रुपचा सदस्य त्रयस्थ नसतो. शिवाय आशा स्वयंसेविकेचा मोबाइल हा पुष्कळदा घराचा मोबाइल असतो. संध्याकाळी तो मुलाच्या हातात असतो, आणि ग्रुपवर आलेली छायाचित्रे घरच्या लग्नाच्या छायाचित्रांशेजारी आपोआप जाऊन बसतात. काम सोडलेल्या कार्यकर्तीच्या मोबाइलमधील जुन्या याद्यांचे काय होते, हा प्रश्नही कोणी विचारीत नाही.

करोनाच्या साथीने या प्रश्नाची चुणूक दाखवली होती. २०२० मध्ये बाधितांच्या आणि संशयितांच्या याद्या अनेक ठिकाणी मोबाइलवरून फिरल्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ८ एप्रिल २०२० रोजी सामाजिक कलंकाविषयी सूचनापत्र काढून बाधित वा विलग व्यक्तींची नावे समाजमाध्यमांवर पसरवू नयेत असे नागरिकांना बजावले. सूचना योग्यच होती. मात्र त्याआधी मार्च महिन्यात कर्नाटक शासनाने गृहविलगीकरणातील व्यक्तींचे पत्ते स्वतःच प्रसिद्ध केले होते. तेव्हा दोष केवळ उतावळ्या नागरिकांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही.

नियम कोणास बांधतात?

वैद्यकीय परिषदेच्या वा आयोगाच्या विनियमांची सत्ता नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकावर चालते. २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाचे गुपित उघड करण्यास त्याला मनाई आहे. रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र संमतीवाचून प्रसिद्ध करण्यासही मनाई आहे. पण वर वर्णिलेल्या ग्रुपमध्ये नोंदणीकृत वैद्यक एक वा दोन असतात. आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, गटप्रवर्तक, आशा स्वयंसेविका, माहिती भरणारा कर्मचारी यांपैकी कोणीही या विनियमांच्या कक्षेत येत नाही. वैद्यकीय गर्भपात कायद्याला २०२१ च्या दुरुस्तीने जोडलेले कलम ५-अ याच मर्यादेत अडकले आहे. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यकाला त्याखाली एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. तेच नाव ग्रुपच्या यादीत टंकणाऱ्या व्यक्तीचा त्यात उल्लेख नाही.

कायदा याहून वेगळ्या रीतीने लिहिता येतो, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम, २०१७ (अंमल १० सप्टेंबर २०१८ पासून) हा व्यवसायाचे नाव घेत नाही. विश्वासाच्या नात्यातून कळलेली दुसऱ्याची एचआयव्हीविषयक स्थिती कोणत्याही व्यक्तीने त्याच्या माहितीपूर्ण संमतीवाचून उघड करू नये, असे तो म्हणतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हाही गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानतो. वैद्यकाचे कर्तव्य एवढ्यावरच तो थांबत नाही. या दोन अधिनियमांमागे रुग्णांच्या आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संस्थांच्या दीर्घ झगड्याचा इतिहास आहे. रक्तक्षय झालेल्या बाळंतिणीची अशी संघटना नाही, म्हणून तिच्या वाट्याला असा कायदाही आलेला नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ही उणीव भरून काढील अशी अपेक्षा व्यक्त केली जाते. ती कितपत सफल होईल याविषयी शंका घेण्यास जागा आहे. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत आरोग्यविषयक माहितीला संवेदनशील माहितीचा वेगळा दर्जा होता. नव्या अधिनियमात तो नाही. वैद्यकीय आणीबाणी, साथ तसेच शासकीय लाभ यांसाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभाही त्यात आहे. ग्रुपवरील यादी यांपैकी कोणत्या ना कोणत्या सदरात सहज बसवता येईल.

याउलट २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांत एक विचारपूर्वक केलेला भेद आढळतो. रुग्णाने स्वतः सल्लामसलत सुरू केली तर त्याची संमती गृहीत धरावी. आरोग्य कर्मचाऱ्याने ती सुरू केली तर मात्र रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी, असे ती तत्त्वे सांगतात. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या साधनांनाही त्यांत स्थान आहे. म्हणजे उपचारासाठी माहिती पाठवताना बाळंतिणीला विचारायचे, आणि अहवालासाठी तीच माहिती पन्नास जणांना पाठवताना विचारायचे नाही, अशी विसंगती आज आपल्या व्यवहारात रूढ झाली आहे.

छायाचित्र हाच पुरावा

या विसंगतीची झळ रुग्णाइतकीच कार्यकर्तीलाही बसते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रिया बाळाचे वजन, तापमान, श्वास यांच्या नोंदी लिहून ठेवीत आणि त्या नोंदी गावी जाऊन तपासल्या जात. हीच कल्पना पुढे २०११ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम झाली. रुग्णालयातील बाळंतपणानंतर आशा स्वयंसेविकेने ४२ दिवसांत सहा गृहभेटी द्याव्यात आणि घरी बाळंतपण झाल्यास सात, व त्याचा मोबदला २५० रुपये, अशी योजना झाली. २५० रुपये म्हणजे भेटीमागे चाळीस रुपयांच्या आसपास, हे येथे सहज नमूद करून ठेवतो.

मूळ प्रयोगात भेटीचा पुरावा बाळाचे वजन हा होता. आज तो बऱ्याच ठिकाणी छायाचित्र हा झाला आहे. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका आशा स्वयंसेविकेने सांगितलेला प्रसंग येथे नोंदवणे अस्थानी होणार नाही. तिसऱ्या भेटीच्या वेळी तिने बाळाचे वजन घेतले, नाळ पाहिली, आईला अंगावर पाजण्याविषयी समजावले व ती परतली. रात्री नऊच्या सुमारास ग्रुपवर विचारणा झाली, ‘फोटो कुठे?’ फोटो काढलेला नव्हता, कारण बाळाचे बारसे व्हायचे होते आणि आजी दृष्ट लागेल म्हणून फोटो काढू देत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ही कार्यकर्ती पुन्हा गेली, आजीची मनधरणी केली, आणि बाळाच्या तोंडावरून पदर बाजूला करून घेऊन फोटो काढला. फोटो ग्रुपवर गेला, त्याला अंगठ्याच्या खुणाही मिळाल्या. चौथ्या भेटीच्या दिवशी मात्र बाळ आणि आई मामाच्या गावी गेली आहेत असे घरून सांगण्यात आले. ती घरातच होती, हे तिला शेजारणीकडून कळले.

या प्रसंगात कोणाचा हेतू वाईट होता असे म्हणता येत नाही. फोटो मागणाऱ्याकडेही वरून कोणीतरी फोटो मागत असणार. पण ज्या विश्वासावर गृहभेटीची सारी योजना उभी आहे, तोच एका फोटोपायी उणा झाला, आणि ग्रुपवरील नोंदीत ती भेट यशस्वी म्हणून राहिली. आजीचे म्हणणे अंधश्रद्धा म्हणून सोडून देणे सोपे आहे. मात्र तिने आपल्या भाषेत जी हरकत घेतली होती, तिलाच कायद्याच्या भाषेत संमती नाकारणे म्हणतात.

पुढील मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांनी आधी हा बंद ग्रुप पाहावा, एवढीच या चिकित्सेची मागणी आहे. माता व बालकांच्या नोंदणीत प्रत्येक मातेला क्रमांक असतोच. अहवालात नावाऐवजी तो देण्यास कोणतीही तांत्रिक अडचण दिसत नाही. तातडीचा संदेश आणि दैनंदिन अहवाल यांचे मार्ग वेगळे करणे, अहवालाच्या ग्रुपवर रुग्णाचा चेहरा येऊ न देणे, आणि हे नियम वैद्यकासह प्रत्येक सदस्यावर बंधनकारक करणे, यासाठी नव्या अधिनियमाची वाट पाहण्याचेही कारण नाही. राज्याच्या आरोग्य विभागाचे एक परिपत्रक पुरेसे आहे. मात्र त्या परिपत्रकाचा मसुदा करताना चर्चेस बोलावल्या जाणाऱ्यांत काही आशा स्वयंसेविका असाव्यात, आणि त्यांना त्या दिवसाचा मोबदला मिळावा.