कैद्याचे मौन

जपानी कॅथलिक कादंबरीकार शुसाकू एन्डो (१९२३–१९९६) म्हटले की आपल्या वाचकांना ‘सायलेन्स’ आठवते. तिच्या नऊ वर्षे आधी, १९५७ साली, लिहिलेली ‘द सी अँड पॉयझन’ मात्र आपल्यात फारशी कोणी वाचलेली दिसत नाही.

५ मे १९४५ रोजी क्युशू बेटावर एक अमेरिकन बी-२९ विमान पाडण्यात आले. त्याच्या कप्तानाला चौकशीसाठी टोकियोला नेले, म्हणून तो वाचला. फुकुओका येथील क्युशू इम्पीरियल विद्यापीठात मात्र त्या मे-जूनमध्ये आठ युद्धकैद्यांना जिवंतपणी शस्त्रक्रियेच्या मेजावर घेऊन प्रयोगासाठी मारण्यात आले. १९४८ साली योकोहामाच्या लष्करी न्यायालयाने २३ जणांना दोषी ठरविले; फाशी सुनावलेल्यांपैकी कोणीही फासावर गेला नाही.

एन्डो यांचे लक्ष आहे ते सुगुरो या तरुण डॉक्टरावर. धर्मार्थ वॉर्डातील एका म्हाताऱ्या बाईवर जीव लावणारा हा माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही, आणि ऐन वेळी काही करूही शकत नाही; नुसता भिंतीशी उभा राहतो. त्याचा सहकारी तोदा तर अपराधाच्या टोचणीची वाट पाहतो, आणि ती येतच नाही. पापनिवेदनापूर्वी सद्सद्विवेकाची झडती घेण्याची सवय असलेल्या आपल्याला ही पाने अस्वस्थ करतात. झडती चोख आहे. पश्चात्ताप तेवढा नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. कैदी कुठे आहे? त्याला नाव नाही, गाव नाही. तपासणी होणार अशा समजुतीने तो मेजावर चढतो, ईथर दिला जातो, संपतो. त्याच्या यकृताचा किळसवाणा प्रसंग लेखकाने घेतला आहे. न्यायालयात नरमांसभक्षणाचा आरोप टिकला नव्हता. त्याला जागा होती, तर त्या माणसाच्या घरच्या एखाद्या आठवणीला का नसावी? कोणी म्हणेल, मारणाऱ्यांच्या लेखी तो माणूसच नव्हता, हेच दाखवायचे आहे. पहिल्या वाचनात मीही असेच मानले होते. दुसऱ्या वाचनात मात्र जाणवले की कबुली जितकी खोल जाते, तितका हा परका पोरगा आपल्यापासून दूर सरकतो.

‘सायलेन्स’मध्ये कोठडीतला पाद्री ज्याला घोरणे समजतो, ते खड्ड्यात उलटे टांगलेल्यांचे कण्हणे असते, ते कळते आणि त्याचा निर्धार मोडतो. फुकुओकाच्या त्या खोलीत आपल्याला ऐकू येतात ते डॉक्टर आणि अधिकारी.